व्हॉल्व्हची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची वर्षे

हृदयात चार झडपा असतात. रक्त एकाच दिशेने पुढे जावे, मागे परतू नये, एवढेच त्यांचे काम. पण ते दिवसातून सुमारे एक लाख वेळा करावे लागते. डाव्या कप्प्यांमधली मायट्रल आणि महाधमनीच्या तोंडाशी असलेली एओर्टिक या दोन झडपांवर सर्वांत जास्त दाब येतो, म्हणून बिघाडही बहुधा त्यांच्यातच होतो. उजव्या बाजूची ट्रायकस्पिड अनेकदा मायट्रलच्या जुन्या दुखण्यामुळे मागाहून गळू लागते. पल्मोनरी झडपेचे विकार बहुतेक जन्मजात असतात. बिघाड दोनच प्रकारचा असतो: झडप अरुंद होते किंवा ती नीट मिटत नाही. टू-डी इकोच्या अहवालात ‘एमएस’, ‘एएस’ म्हणजे मायट्रल किंवा एओर्टिक झडप अरुंद झाली, आणि ‘एमआर’, ‘एआर’ म्हणजे ती गळते. पुष्कळ रुग्णांत एकाच झडपेत दोन्ही दोष असतात.

श्रीमंत देशांत झडपेचा रोग हा मुख्यतः म्हातारपणाचा रोग आहे. आपल्याकडे तो विशी-तिशीतही गाठतो, कारण इथे रुमॅटिक ताप अजून संपलेला नाही. साधारण ५ ते १५ वर्षांच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकस जंतूने सुजतो, दोन-तीन आठवड्यांनी गुडघे-घोटे आळीपाळीने दुखू लागतात, ताप येतो आणि जातो. सांधे बरे होतात, झडप होत नाही. वर्षानुवर्षे तिची पाने जाड होतात, कडा एकमेकींना चिकटतात, खालच्या दोऱ्या आखडतात. अनेकांना लहानपणीचा तो आजार आठवतही नाही. जिना चढताना धाप लागली किंवा बाळंतपणात श्वास कोंडला, म्हणजे पहिल्यांदा निदान होते. याखेरीज १०० माणसांत एखाद-दुसऱ्याच्या एओर्टिक झडपेला जन्मतःच तीनऐवजी दोन पाने असतात आणि ती लवकर चुनखडते. काहींची मायट्रल झडप सैल पडून उलटी फुगते. उतारवयात चुना साचतो, आणि जंतुसंसर्गाने धडधाकट झडपही काही दिवसांत फाटू शकते.

शस्त्रक्रिया कधी करायची, या प्रश्नावर रुग्ण आणि डॉक्टर यांच्यात सर्वांत जास्त गैरसमज होतात. ‘अजून चालता-फिरता येते, मग ऑपरेशन कशाला?’ हा प्रश्न रास्त वाटतो, पण गळक्या झडपेच्या बाबतीत तो फसवा आहे. विहिरीवरच्या पंपाचा फुटव्हॉल्व्ह गळू लागला की मोटार जोरात फिरत राहते, पाणी मात्र वर कमी येते. मायट्रल गळतीत नेमके हेच घडते. डाव्या कप्प्यातून रक्त बाहेर पडते, पण त्यातले बरेच मागे फुप्फुसांकडे परतते. त्यामुळे अहवालातली ‘पंपिंग’ची टक्केवारी, म्हणजे ईएफ, खरी ताकद असते त्यापेक्षा चांगली दिसते. एरवी ६० टक्के ईएफ पाहून निश्चिंत व्हावे, पण तीव्र गळती असताना तो आकडा ६० किंवा त्याखाली आला, किंवा आकुंचनाच्या शेवटी डाव्या कप्प्याची रुंदी ४० मिलिमीटरला पोचली, तर हृदयाचा स्नायू थकू लागला असे समजतात आणि त्रास नसला तरी शस्त्रक्रिया सुचवतात. स्नायू एकदा ताणून ढिला पडला की नवी झडपही त्याला पहिल्यासारखा करू शकत नाही. ‘बघू पुढच्या दिवाळीनंतर’ म्हणत दोन वर्षे घालवलेले रुग्ण शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर येतात, पण त्यांची धाप पुरती जात नाही, ती याच कारणाने.

एओर्टिक झडप अरुंद झाली असेल तर हिशेब वेगळा. क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी, सरासरी दाबफरक ४० मिलिमीटर किंवा जास्त, म्हणजे रोग तीव्र. अशा रुग्णाला चालताना छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे किंवा धाप यांपैकी काहीही सुरू झाले की वाट पाहण्याची मुभा संपते. उपचाराविना पुढचे आयुष्य बहुधा दोन-तीन वर्षांचे, फार तर पाचेक वर्षांचे उरते. हे निरीक्षण १९६८ साली प्रसिद्ध झाले आणि आजही पायाभूत मानले जाते. गोळ्यांनी ही झडप उघडत नाही. मायट्रल झडपेचे निरोगी क्षेत्रफळ ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. दीडपर्यंत उतरले की आकुंचन तीव्र धरतात.

प्रत्येक अरुंद झडपेसाठी छाती उघडावी लागतेच असे नाही. मायट्रलची पाने अजून लवचिक असतील, गळती किरकोळ असेल आणि डाव्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी नसेल, तर मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन चिकटलेल्या कडा मोकळ्या करता येतात. जपानच्या कांजी इनोउए यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हा फुगा वापरात आणला. त्याआधी शल्यविशारद हृदयात बोट घालून हेच काम करत. लंडनमध्ये हेन्री सूटर यांनी १९२५ साली एका मुलीवर ते केले, आणि त्यानंतर दोन दशके कोणी फारसे धाडस केले नाही. फुग्याने मिळालेला आराम दहा-पंधरा वर्षे टिकू शकतो, पण झडप पुन्हा आखडू शकते, हे रुग्णाने पहिल्याच दिवशी समजून घ्यावे.

शस्त्रक्रियेत दोन वाटा असतात, स्वतःची झडप दुरुस्त करणे किंवा ती काढून कृत्रिम बसवणे. कृत्रिम झडप १९६० साली अल्बर्ट स्टार आणि अभियंता लोवेल एडवर्ड्स यांनी यशस्वी करून दाखवली. दुरुस्तीचे शास्त्र मुख्यतः पॅरिसच्या आलँ कार्पेंटिएर यांनी घडवले. सैल पानाचा जादा भाग कापून शिवणे, तुटलेल्या दोऱ्यांच्या जागी गोअर-टेक्सचे धागे लावणे, आखडलेल्या पानाला हृदयावरच्या आवरणाचे ठिगळ जोडणे, आणि पसरलेल्या तोंडाभोवती कडे बसवून ते आवळणे अशी ही कारागिरी असते. हृदय पुन्हा धडधडू लागल्यावर अन्ननलिकेतून इको करून तिथल्या तिथे गळती तपासतात. समाधान झाले नाही तर त्याच बैठकीत झडप बदलतात. म्हणूनच ‘दुरुस्ती करू’ असे ठरले असतानाही संमतिपत्रात दोन्ही शक्यता लिहिलेल्या असतात. त्यात लपवाछपवी काही नाही.

दुरुस्ती चांगली की बदल, याचे उत्तर रोगाच्या जातीवर अवलंबून आहे, आणि इथे पाश्चात्त्य आकडे आपल्या रुग्णाला जसेच्या तसे लावणे चुकीचे ठरते. सैल पडलेली मायट्रल झडप अनुभवी हातांनी दुरुस्त केली तर शस्त्रक्रियेतला मृत्यूचा धोका १ टक्क्याच्या आसपास असतो; कार्पेंटिएर यांच्या अशा रुग्णांचे २० वर्षांनंतरचे जगण्याचे प्रमाण त्याच वयाच्या सामान्य लोकांइतकेच निघाले. रुमॅटिक झडपेची गोष्ट निराळी. त्याच पॅरिसच्या केंद्राने रुमॅटिक मायट्रल गळतीच्या ९५१ रुग्णांची दुरुस्ती तपासली. १० वर्षांनी सुमारे ८२ टक्के, आणि २० वर्षांनी सुमारे ५५ टक्के रुग्णांना दुसरी शस्त्रक्रिया लागलेली नव्हती. रोग आत चालूच राहतो आणि दुरुस्त झडपही हळूहळू जाड होते. तरीही तरुण रुग्णात जमेल तिथे दुरुस्तीच करावी, हे मत या लेखात ठामपणे मांडायला हरकत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळीविना काढलेली दहा-बारा वर्षे विशीतल्या माणसाला लाखमोलाची असतात, आणि गरीब घरात तर अधिकच.

बदलायचीच ठरली तर धातूची की ऊतींची, हा प्रश्न उरतो. धातूची, खरे तर बहुधा पायरोलिटिक कार्बनची, झडप अनेक दशके टिकते, पण तिच्यावर गुठळी धरते, म्हणून गोळी जन्मभर. ऊतींची झडप डुकराच्या झडपेपासून किंवा गाय-बैलाच्या हृदयावरणापासून बनवतात. तिला जन्मभर गोळी बहुधा लागत नाही, पण ती साधारण १० ते १५ वर्षांत झिजते, तरुणांत त्याहून लवकर. सर्वसाधारण संकेत असा की एओर्टिक जागी पन्नाशीच्या आत धातूची, पासष्टीनंतर ऊतींची. मायट्रल जागी पासष्टीच्या आत धातूची. मधल्या वयात चर्चा करून ठरवायचे. काही घरांत प्राण्याच्या ऊतींविषयी धार्मिक अडचण असते. ती संकोच न करता शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावी, नंतर कळून मनस्ताप करून घेऊ नये. भारतात स्वस्त झडपेचा प्रश्न तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने सोडवला. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेली चित्रा झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णात बसवली गेली आणि परदेशी झडपेपेक्षा ती कितीतरी कमी किमतीत मिळते. स्वस्त म्हणून ती दुय्यम, हा समज निराधार आहे. वृद्धांमध्ये मांडीतून एओर्टिक झडप बसवण्याची, म्हणजे टावीची पद्धत २००२ पासून रूढ होत गेली; ऐंशीच्या पुढे आता तीच पसंत करतात, मात्र तिचा खर्च अजून फार आहे.

आता हे उपचार कुठे मिळतात ते पाहू. हैदराबादच्या जामबागेतल्या मराठी माणसाला त्यांसाठी लांब जावे लागत नाही. कोठी आणि मोअज्जम जाही मार्केट यांच्यामधल्या या वस्तीत विवेकवर्धिनीसारखी जुनी मराठी शिक्षणसंस्था आहे, उस्मानिया मेडिकल कॉलेज शेजारी कोठीत आहे, आणि मुसीकाठचे अफझलगंजचे उस्मानिया रुग्णालय पायी जाण्याजोगे. पंजागुट्ट्याचे निम्स हे सरकारी क्षेत्रातले हृदयशस्त्रक्रियेचे मोठे ठिकाण. नांदेड, परभणी, लातूरकडचे लोकही निजामी काळापासूनच्या सवयीने उपचारासाठी हैदराबादच गाठतात. मनमाड-नांदेडकडची गाडी काचीगुड्याला उतरवते आणि तिथून जामबाग फार दूर नाही.   

पैशाची व्यवस्था मात्र राज्याच्या सीमेशी अडते. तेलंगणच्या शिधापत्रिकाधारकांना राजीव आरोग्यश्रीतून झडपेची शस्त्रक्रिया मिळते. डिसेंबर २०२३ पासून या योजनेची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला १० लाख रुपये आहे. मराठवाड्याच्या रुग्णाला ती लागू होत नाही. त्याने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून महाराष्ट्रातच शस्त्रक्रिया करणे सोयीचे, किंवा आयुष्मान कार्ड असल्यास हैदराबादच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून ते चालेल का, याची भरती होण्यापूर्वी खात्री करावी. पाहुण्याच्या पत्त्यावर कार्ड काढण्याचा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकू नये, मंजुरीच्या वेळी प्रकरण अडकते आणि शस्त्रक्रिया आणखी लांबते. योजनेत झडपेची कंपनी कोणती, आणि नंतरच्या तपासण्या व गोळ्या त्यात येतात का, हेही त्याच वेळी विचारावे.

शस्त्रक्रियेपूर्वी दंतवैद्याकडे जाणे अनेकांना अनावश्यक वाटते. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसतात, म्हणून दात आधी साफ करून घेतात, गरज पडल्यास काढतात. चाळिशी ओलांडलेल्यांची अँजिओग्राफी होते, म्हणजे रक्तवाहिनीत अडथळा असला तर तोही त्याच वेळी दूर करता येतो. गुटखा, तंबाखू, विडी किमान महिनाभर आधी बंद हवी. शल्यविशारदाला विचारण्याजोगे प्रश्न थोडेच आहेत, पण ते विचारायला हवेत. दुरुस्तीची शक्यता किती आहे? अशा किती दुरुस्त्या हे पथक वर्षाला करते? दुरुस्ती न जमल्यास कोणती झडप बसेल? हृदयाचे ठोके अनियमित असतील तर त्यावरही याच वेळी उपचार होईल का? मायट्रल झडपेची दुरुस्ती रोज करणाऱ्या आणि क्वचित करणाऱ्या पथकांच्या निकालांत मोठा फरक पडतो.

शस्त्रक्रियेत हृदय काही काळ थांबवून रक्ताभिसरण हार्ट-लंग मशीनवर चालवतात. एक-दोन दिवस अतिदक्षता विभागात, एकूण सात ते दहा दिवस रुग्णालयात. तीन चेंडूंच्या यंत्रातून श्वास ओढण्याचा व्यायाम कंटाळवाणा असतो, पण न्यूमोनिया तोच टाळतो. उरोस्थी जुळायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर पाण्याची कळशी, नातवंड, गॅस सिलिंडर उचलू नये, दुचाकी चालवू नये, खोकताना छातीवर उशी दाबून धरावी. सुमारे तिघांतल्या एकाला पहिल्या आठवड्यात ठोके अनियमित होण्याचा त्रास होतो आणि तो बहुधा आटोक्यात येतो. काही आठवडे मन उदास राहते, झोप लागत नाही. घरच्यांनी त्याला नखरे समजू नये. बैठे काम दोन महिन्यांत, अंगमेहनतीचे तीन महिन्यांनंतर सुरू करता येते.

यानंतर रुग्णाचे भवितव्य मुख्यतः एका छोट्या गोळीवर ठरते. वॉरफरिन किंवा एसीट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी धातूच्या झडपेला जन्मभर, दुरुस्तीनंतर किंवा ऊतींच्या झडपेनंतर साधारण तीन महिने लागते. ठोके अनियमित राहिले तर पुढेही. मात्रा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे मोजणाऱ्या तपासणीवर ठरते. एओर्टिक जागच्या धातूच्या झडपेसाठी हा आकडा साधारण २ ते ३, मायट्रलसाठी २.५ ते ३.५ असावा. सुरुवातीला दर आठवड्याला, स्थिरावल्यावर महिन्यातून एकदा तपासणी. तारीख, आकडा आणि मात्रा एका वहीत लिहावी, डॉक्टर बदलला तरी वही तीच ठेवावी. ‘बरे वाटते, मग गोळी कशाला’ म्हणून सोडलेली गोळी पक्षाघात आणते किंवा झडपच जाम करते. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत दिसणाऱ्या जाम झडपांमागे बहुतेक वेळा नवे औषध किंवा खराब झडप नसते, तर गावी गेल्यावर संपलेली गोळ्यांची पट्टी असते. एखादे दिवशी विसरल्यास त्याच दिवशी आठवताच घ्यावी; दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये.

आहारात पालेभाज्या बंद करायच्या नसतात. पालक, मेथी, अंबाडीचा गोंगुरा यांतल्या जीवनसत्त्व ‘के’मुळे गोळीचा परिणाम कमी होतो, म्हणून त्यांचे प्रमाण दर आठवड्याला सारखे ठेवायचे, इतकेच. श्रावणातले उपवास, नवरात्र, रमजानच्या वेळी शेजारघरी होणारी जेवणे, आजारपणातली लंघने अशा वेळी आहार एकदम बदलतो आणि आकडाही. तेव्हा तपासणी आठवडाभराने करून घ्यावी. जुलाबावरच्या गोळ्यांतले मेट्रोनिडाझोल आणि बुरशीवरचे फ्लुकोनाझोल आयएनआर वर नेतात, क्षयाची रिफाम्पिसिन खाली आणते, डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी रक्तस्राव होतो. चूर्णे, काढे, सांधेदुखीची भस्मे यांत काय आहे ते सांगता येत नाही, म्हणून ती टाळावीत. ‘तपासणी लागत नाही’ अशा नव्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या धातूच्या झडपेला चालत नाहीत: डाबिगॅट्रानची चाचणी २०१२ मध्ये धोक्यामुळे थांबवावी लागली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीत रुमॅटिक झडपविकार आणि अनियमित ठोके असलेल्या रुग्णांतही जुनी गोळीच सरस ठरली. डोक्याला मार लागला आणि बाहेर जखम नसली तरी रुग्णालयात जावे. काळी शौच, लघवीत रक्त, हिरड्यांतून थांबत नसलेला स्राव यांनाही तीच तातडी.

झडपेवर जंतू बसणे हा दुसरा मोठा धोका. कारण न कळणारा ताप तीन दिवसांहून जास्त राहिला तर औषध दुकानातून अँटिबायोटिक आणून घेऊ नये. आधी ब्लड कल्चर, मग औषध. क्रम उलटला तर जंतू सापडत नाही आणि उपचार अंधारात चालतात. दातांच्या कामाच्या ३० ते ६० मिनिटे आधी प्रतिजैविकाची एक मात्रा लागते, कृत्रिम झडप असो वा दुरुस्तीतले कडे. ज्यांना रुमॅटिक ताप झाला होता त्यांचे दर तीन आठवड्यांचे पेनिसिलिनचे इंजेक्शन शस्त्रक्रियेनंतरही चालू राहते: किमान १० वर्षे किंवा चाळिशीपर्यंत, यांत जे उशिरा येईल तोवर, आणि पुष्कळदा आयुष्यभर. नवी झडप बसली म्हणून उरलेल्या झडपा सुरक्षित होत नाहीत.

मुलींच्या बाबतीत हा विषय घरात झाकला जातो, आणि तिथेच सर्वांत जास्त हानी होते. लग्नाच्या वेळी शस्त्रक्रिया लपवली की सासरी गोळी लपून घ्यावी लागते, मग ती चुकते. वॉरफरिनमुळे गर्भाच्या ६ व्या ते १२ व्या आठवड्यात व्यंगाचा धोका असतो, आणि ती सोडावी तर धातूच्या झडपेवर गुठळी धरून आईचाच जीव जातो. म्हणून मूल हवे असेल तर आधीच हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्याशी बोलावे, पाळी चुकताच लगेच तपासणी करावी. त्या आठवड्यांपुरती हेपारिनची इंजेक्शने देता येतात, आणि वॉरफरिनची मात्रा दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा कमी असल्यास धोका कमी राहतो. तरुण मुलीसाठी फुगा, दुरुस्ती किंवा ऊतींची झडप निवडण्यामागे हेच गणित असते.

पहिला इको शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे ते तीन महिन्यांत करतात. तो पुढच्या सगळ्या अहवालांची तुलना करण्यासाठी जपून ठेवावा. पुढे वर्षातून एकदा तपासणी, झडप चांगली चालत असली तरी. धातूच्या झडपेचा टिकटिक आवाज रात्री ऐकू येतो, तो दोष नव्हे; उलट तो अचानक मंदावला आणि धाप वाढली तर लगेच रुग्णालय गाठावे. ऊतींची झडप झिजल्यावर काहींना जुन्या झडपेच्या आतच मांडीतून नवी बसवता येते, त्यासाठी जुन्या झडपेचे नाव आणि माप ठाऊक असावे लागते. ही माहिती सुट्टीच्या वेळी मिळणाऱ्या झडपेच्या कार्डावर असते. ते कार्ड, डिस्चार्ज समरी आणि आयएनआरची वही यांच्या प्रती घरात एक आणि प्रवासाच्या पिशवीत एक ठेवाव्यात. नेहमीच्या झडपा असताना एमआरआय करता येतो, विमानतळावरच्या तपासणीत अडचण येत नाही. कोणत्याही नव्या डॉक्टरकडे, दंतवैद्याकडे किंवा इंजेक्शन देणाऱ्या कंपाउंडरकडे गेल्यावर मात्र झडपेची गोष्ट सर्वांत आधी सांगायची.